आकडा नव्हे, पोरगा

जुलैतल्या रविवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावातलं घर. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. सोफ्यावर आजी-आजोबा, खाली मावस-चुलत भावंडं, दाराला टेकून शाळेचा कोच, मागे शेजारीपाजारी. मधोमध अठरा वर्षांचा पोरगा सारखा गुडघा हलवत बसलेला. एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाप. टीव्हीवर एकेक नाव पुकारलं जातंय. आणि अचानक त्याचं नाव येतं. आई किंचाळते. बाप पोराच्या खांद्यावर डोकं टेकून रडतो. भावंडं अंगावर उड्या मारतात. कुणीतरी संघाची टोपी त्याच्या डोक्यावर चढवतं.

हा मेजर लीग बेसबॉलचा ड्राफ्ट. दर वर्षी वीस फेऱ्या, सहाशेहून जास्त नावं आणि तेवढीच घरं.

हा आनंद खरा आहे आणि कष्टाने कमावलेला आहे. त्या बापाने दहा-बारा वर्षं शनिवार-रविवारची झोप मोडून गाडी हाकली आहे. त्या आईने लाल मातीने माखलेल्या पांढऱ्या पँटी रात्री बारा वाजता घासल्या आहेत. धाकट्या बहिणीचे वाढदिवस कुठल्या तरी परगावच्या मैदानाच्या कडेला साजरे झाले आहेत. पेढे वाटायचा हक्क या माणसांचा नाही तर कुणाचा?

माझं भांडण पेढ्यांशी नाही. भांडण आहे त्या रात्री पोराच्या नावाला चिकटणाऱ्या आकड्याशी. कितव्या फेरीत गेला? कितवा गेला? किती डॉलर मिळाले? क्लबसाठी तो आकडा, एजंटसाठी आकडा, वर्तमानपत्रासाठी आकडा. जगाचा तो धंदाच आहे, जग तो करणारच. आईबापांनी करू नये. मला सांगायचं आहे ते एवढंच.

*

आधी ड्राफ्टची रीत समजून घेऊ. आपल्याला आयपीएलचा लिलाव पाठ आहे. तिथे संघ एकमेकांवर चढाओढ करतात आणि खेळाडूचा भाव वाढत जातो. ड्राफ्टमध्ये बोली नाही. संघ पाळीपाळीने नावं उचलतात. गेल्या हंगामात मार खाल्लेल्यांची पाळी साधारणपणे आधी. ज्याने नाव घेतलं, त्याच्याशीच बोलायचं. पटलं नाही तर कॉलेजात जा आणि पुढे कधीतरी पुन्हा ड्राफ्टला या. सही केली की मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, मायनर लीगमध्ये, सहा-सात वर्षं आणि वर पोचलात तर आणखी सहा वर्षं त्या संघाचा हक्क. मधे संघ तुम्हाला दुसऱ्या संघाकडे पाठवू शकतो. तुम्ही मात्र उठून जाऊ शकत नाही.

ही रीत कुठून आली? १९६४ साली रिक रायकार्ट नावाच्या विस्कॉन्सिनच्या कॉलेजातल्या पोरासाठी संघांची रांग लागली आणि एंजल्सने त्याला २ लाख ५ हजार डॉलर मोजून घेतलं. मालकांनी धसका घेतला. जून १९६५ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. दुबळ्या संघांना चांगली पोरं मिळावीत हे एक कारण. बोनस खाली आणणं हे दुसरं. दुसरं कारण चांगलंच लागू पडलं. रायकार्टचा आकडा त्यानंतर जवळजवळ दीड दशक कुणी ओलांडला नाही.

म्हणजे ज्या घटकेला घरात जल्लोष होतो, त्याच घटकेला पोराचा एक हक्क जातो. नोकरी कुठे करायची ते निवडण्याचा हक्क. आनंदाच्या भरात कागद पुढे येतो आणि पेन हातात असतं. अशा वेळी घरात एक तरी डोकं थंड हवं.

असं एक डोकं १९९१ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्ट गावाजवळ होतं. बेटी टेलर. समुद्रकाठच्या कारखान्यात खेकडे सोलून पोट भरणारी बाई. नवरा गवंडी. त्यांचा डावखुरा पोरगा ब्रायन याला न्यूयॉर्क यांकीजने देशात पहिला निवडला. क्लबने ३ लाख डॉलर पुढे केले. आदल्या वर्षी टॉड व्हॅन पॉपेल नावाच्या शाळकरी पिचरला १२ लाखांचा करार मिळाला होता. बेटीबाईंनी विचारलं की मग माझ्या पोराला कमी का? क्लबची मोठी माणसं घरी येऊन गेली, बाई हलल्या नाहीत. कॉलेजात नाव घालायची वेळ आली तरी हलल्या नाहीत. शेवटी यांकीजने १५ लाख ५० हजार मोजले. तोवर कुठल्याच ड्राफ्टमधल्या पोराला तेवढे मिळाले नव्हते.

तेव्हा बाईंना हावरट म्हणणारे निघाले. आज ते प्रकरण वाचताना मला त्या हावरट वाटत नाहीत, दूरदर्शी वाटतात. कारण पुढे काय झालं ते पाहा. डिसेंबर १९९३ मध्ये भावाच्या भांडणात मधे पडताना ब्रायनचा डावा खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली, पण तो वेग परत आला नाही. ज्याच्याबद्दल सगळा देश बोलत होता तो पोरगा मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. पुढे त्याने वडिलांबरोबर विटा रचल्या. एका संध्याकाळच्या झटापटीत सगळं गेलं. उरलं ते आईने भांडून मिळवलेलं.

त्या बाईने आकड्यासाठी भांडण केलं, हे मान्य. पण ते पोराची बाजू घेऊन केलं. आकडा मिरवणं वेगळं आणि पोराचं मोल कुणी पाडू नये म्हणून उभं राहणं वेगळं. पहिलं पाहुण्यांसाठी असतं, दुसरं पोरासाठी.

*

आता त्या आकड्याची पत बघू.

१९६६ साली मेट्सने पहिल्या क्रमांकावर स्टीव्ह चिल्कॉट हा कॅचर घेतला. दुसऱ्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने रेगी जॅक्सन घेतला. जॅक्सन हॉल ऑफ फेममध्ये गेला. चिल्कॉट मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, दुखापतींनी त्याला वाटेतच गाठलं.

१९८८ साली डॉजर्सने बासष्टाव्या फेरीत माइक पियाझाचं नाव घेतलं. क्रमांक १,३९०. तेसुद्धा त्याच्या वडिलांची डॉजर्सच्या टॉमी लसोर्डा या मॅनेजरशी दोस्ती होती म्हणून, निव्वळ शब्दाखातर. त्या पोराने पुढे ४२७ होम रन मारले. त्यातले ३९६ कॅचर म्हणून खेळताना, आणि हा विक्रम आहे. २०१६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

१९९९ साली कार्डिनल्सने तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर अल्बर्ट पुहोल्स घेतला. म्हणजे चारशे एक वेळा त्याच्यापेक्षा दुसरा कुणीतरी बरा वाटला. तो ७०३ होम रन मारून निवृत्त झाला.

२०१३ साली ॲस्ट्रोजने पहिला निवडला मार्क अपेल. बोनस ६३ लाख ५० हजार डॉलर. २०१८ साली त्याने खेळ सोडला, तोवर वर पोचला नव्हता. २०२१ मध्ये परत आला आणि जून २०२२ मध्ये फिलाडेल्फियाकडून मेजर लीगचा पहिला सामना खेळला, वयाच्या तिसाव्या वर्षी. ड्राफ्टच्या रात्रीच्या ढोलताशांपेक्षा मला त्या तिसाव्या वर्षाचं कौतुक जास्त वाटतं. नऊ वर्षं ‘पहिला’ हा शब्द पाठीवर वाहून तो माणूस पुन्हा मैदानात उतरला.

क्लबांकडे स्काउट आहेत, कॅमेरे आहेत, संगणक आहेत. तरीही पहिल्या फेरीतले सगळे वर पोचत नाहीत आणि खालच्या फेऱ्यांतले बहुसंख्य कधीच पोचत नाहीत. ज्यांचा हा धंदा आहे, त्यांनाच सतरा-अठरा वर्षांच्या पोराचं भविष्य वाचता येत नाही. मग आईबापांनी तो आकडा देव्हाऱ्यात कशाला ठेवायचा?

आणखी एक गोष्ट. पियाझा ज्या बासष्टाव्या फेरीत निवडला गेला, ती फेरी आता नाहीच. २०१९ पर्यंत चाळीस फेऱ्या होत्या. साथीच्या वर्षी, २०२० मध्ये, पाचच झाल्या. २०२१ पासून वीस आहेत. त्याच सुमारास क्लबांशी जोडलेले मायनर लीगचे संघही १६० वरून १२० वर आणले. चाळीसेक गावांतला उन्हाळा त्या निर्णयाने सुना झाला. पियाझासारख्या पोराचं नाव आज पुकारलंच जाणार नाही. त्याला फोन येईल तो ड्राफ्ट संपल्यावर, आला तर. पैशात लोळणाऱ्या खेळाने वाचवलेला हा पैसा गरीब घरांच्या आशेतून वाचवला आहे. हे चूक आहे, आणि बेसबॉलवर प्रेम करणाऱ्याने ते बोललं पाहिजे.

*

कुमार रॉकरची गोष्ट आपल्या जरा जवळची. वडील ट्रेसी रॉकर, अमेरिकन फुटबॉलमधलं मोठं नाव. आई लू, म्हणजे ललिता, भारतातून अमेरिकेत गेलेल्या आईबापांची लेक. पोराचं नाव कुमार. २०१९ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळताना त्याने ड्यूकविरुद्ध एकही हिट न देता १९ फलंदाज स्ट्राइकआउट केले. तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता.

जुलै २०२१ मध्ये मेट्सने त्याला दहावा निवडला. ६० लाख डॉलरवर बोलणी ठरल्याच्या बातम्या आल्या. अभिनंदनांचा पाऊस पडला. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि क्लबने करारच पुढे केला नाही. मुदत टळली. पाहुणे येऊन गेले, मिठाई वाटून झाली आणि पोराच्या हातात काही नाही.

त्या ऑगस्ट महिन्यातल्या घराचा विचार करा. ड्राफ्टच्या रात्री घर भरलेलं असतं, त्यात आईबापांचं वेगळं काही दिसत नाही. ते दिसतं अशा महिन्यात. फोन येणं थांबतं, गल्लीतला माणूस नजर चुकवतो, आणि जेवणाच्या टेबलावर एकवीस वर्षांचा पोरगा गप्प बसलेला असतो. तिथे ‘आता कसं होणार’ म्हणायचं की ‘भाजी वाढू का’ म्हणायचं, हे ठरवायला कुठला एजंट येत नाही.

कुमार खांद्याची शस्त्रक्रिया करून घेऊन पुन्हा उभा राहिला. पुढच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका स्वतंत्र लीगच्या संघाकडून खेळला, जिथे टीव्ही नाही आणि झगमगाट नाही. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये टेक्सस रेंजर्सने त्याला तिसरा निवडला. आदल्या वर्षी दहावा, नंतर नकोसा, मग तिसरा. पोरगा तोच होता. २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, पुन्हा वर्षभर थांबणं आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सिॲटलच्या मैदानावर तो मेजर लीगमध्ये उतरला. पहिल्या ड्राफ्टच्या रात्रीनंतर तीन वर्षं आणि दोन महिने.

*

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी काय होतं, ते दिवाणखान्यातल्या पाहुण्यांना बहुधा माहीत नसतं. पोरगा मेजर लीगमध्ये जात नाही. तो जातो मायनर लीगमध्ये. छोट्या गावांतली मैदानं, रात्र-रात्रभराचा बसप्रवास, पहाटे तीनला मोटेलात शिरणं आणि संध्याकाळी सामना.

पगार? २०२१ च्या आधी क्लास ‘ए’ पातळीवर किमान पगार होता आठवड्याला २९० डॉलर, तोही फक्त हंगामापुरता. सरावाच्या शिबिराचा पगार नाही. एका खोलीत पाच-सहा पोरं हवा भरलेल्या गाद्यांवर झोपायची. पीनट बटर लावलेल्या पावावर दिवस काढायची. सामने संपले की कुणी गोदामात काम करायचं, कुणी गाडी चालवायची. ज्या क्लबांनी ड्राफ्टच्या रात्री आईबापांचे अश्रू टीव्हीवर दाखवून स्वतःची जाहिरात केली, त्याच क्लबांनी त्या पोरांना हे दिवस दाखवले.

२०१४ साली ॲरन सेनी या मायनर लीगच्या माजी खेळाडूने आणि त्याच्या सोबत्यांनी पगारासाठी कोर्टात धाव घेतली. २०१८ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून या खेळाडूंना किमान वेतनाच्या आणि जादा कामाच्या नियमांतून जवळपास वगळलं. पोरं मागे हटली नाहीत. २०२२ मध्ये तडजोड झाली ती १८ कोटी ५० लाख डॉलरवर. त्याच वर्षापासून राहण्याची सोय करणं क्लबांना भाग पडलं. त्याच वर्षी मायनर लीगच्या खेळाडूंची युनियन झाली आणि २०२३ मध्ये पहिला सामुदायिक करार झाला. क्लास ‘ए’च्या खालच्या पातळीवर वर्षाला ११ हजारांच्या जागी २६,२०० डॉलर, सगळ्यात वरच्या ट्रिपल ‘ए’ला ३५,८००. मेजर लीगचा किमान पगार २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार होता. दोन पायऱ्यांमधली ही दरी अजूनही लाज वाटावी अशीच आहे. पण जेवढी भरली तेवढी पोरांनी एकत्र येऊन भरली, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे.

हे सगळं आईबापांना ठाऊक असायला हवं. घाबरण्यासाठी नाही, तयारीसाठी. मुलाखतीचं पत्र आलं म्हणजे नोकरी लागली, असं आपल्या घरात कुणी म्हणत नाही. ड्राफ्ट हे पत्र आहे.

*

गेल्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीत बहिणीकडे होतो. भाच्याची मॅच बघायला शनिवारी सकाळी मैदानावर गेलो. कडेला घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, बाकाखाली सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा सडा. मराठी, गुजराती, तेलुगू, स्पॅनिश, सगळ्या भाषांत ‘शाब्बास’ चाललेलं. बरं वाटलं.

मग जाळीमागे उभा असलेला एक बाप दिसला. आपल्याकडचाच, साताऱ्याचा. हातात चेंडूचा वेग मोजणारी रडार गन. त्याचा बारा वर्षांचा मुलगा पिचिंग करत होता. प्रत्येक चेंडूनंतर बाप मोठ्याने आकडा वाचायचा. ‘बासष्ट.’ ‘एकसष्ट.’ ‘साठ... साठ का रे?’

मी त्या मुलाकडे बघत राहिलो. चेंडू सोडला की पिचरची नजर कॅचरच्या ग्लोव्हकडे जायला हवी. या पोराची नजर बापाच्या हाताकडे जायची. चेंडू कुठे गेला हे त्याला नंतर कळायचं, आकडा किती आला हे आधी हवं असायचं. चौथ्या इनिंगला तो उजवं कोपर डाव्या हाताने धरून चोळू लागला. बापाने गन खाली घेतली नाही.

तो बाप वाईट नाही. मॅच संपल्यावर त्याने पोराच्या पाठीवरचं ओझं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, पाण्याची बाटली उघडून दिली, बुटाची नाडी बांधून दिली. जीव आहे पोरावर. पण त्या सकाळी त्याच्या हातातलं यंत्र पोरापेक्षा मोठं झालं होतं.

वाढत्या वयाचं कोपर हा काही विनोद नाही. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसऱ्या जागचा स्नायुबंध बसवला, तेव्हा ती जगावेगळी शस्त्रक्रिया होती. आज शाळकरी पोरांवर ती होते. २०१४ मध्ये मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून मुलांसाठी नियम काढले: ११-१२ वर्षांच्या पोराने दिवसाला ८५ च्या वर चेंडू टाकू नयेत, वर्षातले चार महिने पिचिंगला सुट्टी द्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगच्याच अहवालाने सांगितलं की वेगाच्या हव्यासाने आणि बारमाही स्पर्धांनी पोरांचे हात मोडत आहेत. खेळ चालवणारेच आता हे लिहून देत आहेत. तरीही दर शनिवारी गन चालूच.

आणि या बारमाही स्पर्धा कोण भरवतं? स्काउटांना दिसायचं असेल तर अमुक शोकेसला या, तमुक ट्रॅव्हल टीमची फी भरा, खाजगी कोच लावा. ‘पोरगा मागे पडेल’ या एका वाक्यावर हा सगळा बाजार उभा आहे. कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल म्हणून आईबाप पैसे ओततात. कित्येक वर्षं एका कॉलेज संघाला मिळून पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या ११.७, त्या तीसेक पोरांत वाटायच्या. हे गणित कुणी फी घेताना सांगितलं नाही. भीती विकणाऱ्या माणसाकडून स्वप्न विकत घेऊ नये, एवढं तरी आपण शिकायला हवं.

*

नीट वागलेले बापही आहेत, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

जेफ ट्राउट. १९८३ साली ट्विन्सने पाचव्या फेरीत निवडलेला. मायनर लीगमध्ये चार वर्षं घासली, दुखापती झाल्या, वर पोचला नाही. न्यू जर्सीतल्या मिलव्हिल गावी परत आला आणि शाळेत इतिहास शिकवू लागला. जून २००९ मध्ये त्याचा सतरा वर्षांचा पोरगा माइक ड्राफ्टच्या स्टुडिओत जाऊन बसला. त्या रात्री तिथे हजर राहिलेला तो एकटाच खेळाडू. एकामागून एक नावं गेली. चोवीसावं नाव एंजल्सने घेतलं, तेही दुसऱ्याचं. पंचवीसावं पुन्हा एंजल्सचं, आणि ते माइकचं. पुढे माइक तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. पण त्या रात्री हे कुणाला ठाऊक होतं? बापाला एकच ठाऊक होतं. पाचव्या फेरीचे पेढे खाऊनही माणूस शिक्षक होतो आणि चांगलं आयुष्य जगतो. पोराला द्यायला याहून मोठा वारसा नाही.

मॅट हॉलिडे. १९९८ साली रॉकीजने सातव्या फेरीत, २१० व्या क्रमांकावर घेतलेला. २०२२ मध्ये त्याचा थोरला जॅक्सन ओरिओल्सकडे देशात पहिला गेला. जुलै २०२५ मध्ये जॅक्सनच्या पाठचा ईथन चौथा गेला, तोही बापाच्याच जुन्या रॉकीजकडे. बोनस ९० लाख डॉलर. एका घरात दोनदा दिवाळी.

पण या दोन दिवाळ्यांच्या मधला एप्रिल २०२४ विसरू नका. जॅक्सन वीस वर्षांचा असताना मेजर लीगमध्ये आला आणि ३४ वेळा बॅट धरून दोनच हिट मिळवू शकला. दहा सामन्यांत त्याला परत खाली पाठवलं. ‘देशात पहिला’ हा आकडा त्या आठवड्यात काही कामाला आला नाही. कामाला आलं असेल तर एवढंच की अपयश म्हणजे काय ते ठाऊक असलेला बाप फोनवर होता. जुलैअखेरीस जॅक्सन परत आला आणि पहिल्याच सामन्यात ग्रँड स्लॅम मारला.

*

म्हणून आईबापांना, तिकडच्या आणि इकडच्याही, हात जोडून चार गोष्टी सांगतो.

जल्लोष करा. भरपूर करा. आजोबांना पहिल्या रांगेत बसवा, ज्या कोचने फुकट सराव दिला त्याच्या पाया पडा.

कागदावर सही करताना बेटी टेलर आठवा. करारात कॉलेजच्या खर्चाची तरतूद लिहून घेता येते, ती घ्याच. १९८० साली बिली बीन नावाच्या पोराने मेट्सच्या १ लाख २५ हजार डॉलरसाठी स्टॅनफर्डवर पाणी सोडलं. खेळाडू म्हणून तो फारसा गाजला नाही, पुढे क्लब चालवणारा म्हणून गाजला. तरी पैशासाठी घेतलेल्या त्या निर्णयाची सल त्याने उघड बोलून दाखवली आहे. हात मोडतो. शिकलेलं मोडत नाही.

घराची एक किल्ली पोराच्या खिशात राहू द्या. सव्वीसाव्या वर्षी क्लब सोडून देईल आणि तो बॅग घेऊन दारात उभा राहील, तेव्हा त्याला हरून आल्यासारखं वाटू नये. बहुतेक पोरांच्या बाबतीत तो दिवस येतो. ड्राफ्टच्या रात्री जेवढी माणसं होती, तेवढी त्या दिवशी नसतील. तुम्ही दोघं असा.

आणि शेवटची. पोरगा परगावच्या मोटेलातून रात्री अकराला फोन करेल. सामना झालेला असेल, बस सुटायची असेल. किती मारलेस, किती टाकलेस, वेग किती आला, हे त्याला दिवसभर पन्नास माणसांनी विचारलेलं असतं. तुम्ही आधी विचारा, ‘जेवलास का?’